व्हाल्व्हच्या टेलिव्हिजन-संचांचा जीर्णोद्धार

कसर लागलेल्या पोथीचें पान सांधतांना मूळ अक्षरावर नवी शाई चढवूं नये, हा नियम सर्व संग्राहकांस मान्य आहे. हाच नियम इंग्लंडांतील जुन्या टेलिव्हिजन-संचांस कितपत लागू पडतो, याचा विचार आम्हीं येथें केला आहे.

लंडन येथील अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी. बी. सी.ची नियमित चित्रप्रक्षेपण-सेवा ता. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं सुरू झाली. आरंभीं बेअर्डची २४० ओळींची व मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची अशा दोन पद्धती आळीपाळीनें चालत; फेब्रुवारी १९३७ पासून दुसरी तेवढी राहिली. ता. १ सप्टेंबर १९३९ रोजीं युद्धामुळें सेवा बंद पडली, ती ता. ७ जून १९४६ रोजीं पुन्हां सुरू झाली. युद्धपूर्व कार्यक्रम टिपून ठेवण्याची सोय नव्हती. १९३८ सालीं न्यूयॉर्कजवळ अवचित पोंचलेलें प्रक्षेपण तेथें मूक फिल्मवर उतरविलें गेलें, तेवढा त्रोटक अवशेष राहिला. म्हणून त्या काळचे संच हेंच अस्सल साधन होय.

आतां दुरुस्तीचें स्वरूप पाहूं. १९५० सालचा बुश टीव्ही-२२ हा संच उदाहरणादाखल घेतां येईल. त्याची पेटी बेकेलाइटची व पिक्चर ट्यूब नऊ इंची. अशा संचांतील मेणकागदी कंडेन्सर दमट हवेनें गळूं लागतात. दोन व्हाल्व्हांमधील कंडेन्सर गळला म्हणजे पुढील व्हाल्व्हच्या ग्रिडवर धन दाब चढून तो व्हाल्व्ह अतिशय तापतो व ट्रान्सफॉर्मरहि जळण्याचा संभव असतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांतील ऑक्साइडचा पापुद्रा दीर्घकाळ पडून राहिल्यानें क्षीण होतो. एकदम वीज सोडल्यास कंडेन्सर फुटतो, दाब हळूहळू वाढविल्यास पापुद्रा कधीं कधीं पुन्हां बसतो. या संचाची चॅसी थेट विजेच्या तारेशीं जोडलेली असल्यामुळें अजाणत्यानें तीस हात लावणें जिवावरचें आहे.

जुन्या कंडेन्सरचें कवच पोकळ करून आंत नवा कंडेन्सर बसविण्याची रीत दुरुस्तीकारांत रूढ आहे. ती वरकरणी सुबक खरी; परंतु नोंद न ठेवल्यास ती जुन्या शिक्क्याखालीं नवा मजकूर घालण्यासारखीच होते, आणि पुढील संशोधक फसतो. सुट्या भागांवरील तारखेचे शिक्के, चॅसीवरील पेन्सिलीच्या खुणा, मागाहून बदललेले व्हाल्व्ह, हे या संचाचे समासांतील शेरे होत. ते पुसूं नयेत. काढलेले भाग चिठ्ठी लावून संचाबरोबर ठेवावे, आणि नव्या भागांवर बसविल्याची तारीख घालावी.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ४०५ ओळींचें प्रक्षेपण जानेवारी १९८५ मध्यें कायमचें बंद झालें. आतां संच चालवावयाचा तर ६२५ ओळींचें चित्र परिवर्तकयंत्रानें ४०५ ओळींत उतरवावें लागतें. म्हणजे बाळबोध मजकूर मोडींत लिहून जुन्या कारकुनापुढें वाचावयास ठेवावा, तसेंच हें. असा चालता संच घरांतील माणसांना चित्र केवढें, किती उजळ व कसें थरथरतें दिसे, याचा पुरावा देतो. त्यांनीं काय पाहिलें याचा देत नाहीं.

यास्तव आमचें मत असें. टीव्ही-२२ सारख्या संचांच्या बऱ्याच प्रती उरल्या आहेत. त्यांपैकीं कांहीं चालत्या कराव्या व एखादी अस्पर्श ठेवावी. युद्धपूर्व दुर्मिळ संचास मात्र, त्याची संपूर्ण नोंद व छायाचित्रें झाल्याखेरीज, डाखणी लावूं नये. मुका साक्षीदार पुढें कधीं तरी बोलता करतां येतो; पढविलेल्याची मूळ साक्ष मात्र परत मिळत नाहीं.