जर्मनीत सेकंड हँड स्पोर्टी गाडी : घेणं परवडतं, पण पाळणं परवडतं का?

पुण्यात जी गाडी सिग्नलला थांबली की लोक मोबाईल काढून फोटो काढतात, तीच गाडी जर्मनीत एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असते. दहा-बारा वर्षं जुनी, तीन लिटर इंजिनची बीएमडब्ल्यू ३३५आय नवी होती तेव्हा ४० हजार युरोंच्या वर होती. आज सेकंड हँड बाजारात ती त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. गोल्फ जीटीआय तर त्याहून स्वस्त.

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. त्यात आखेन, म्युनिक, स्टुटगार्टला इंजिनिअरिंग करायला गेलेली मराठी पोरं भरपूर. गाड्यांचं वेड घेऊनच गेलेली. पहिला पगार झाला की मित्रांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो, "गाडी घ्यायची का?"

किंमत कमी का असते, यातच अर्धं उत्तर आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिचे टायर, ब्रेक, ऑइल आणि मेकॅनिकची मजुरी उतरत नाही. ४० हजारांच्या गाडीचा खर्च ४० हजारांच्या गाडीसारखाच राहतो. विकणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तर तो विकतोय.

आधी लायसन्सचं बघा

भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते, तीही सोबत अधिकृत भाषांतर ठेवून. त्यानंतर जर्मन लायसन्स लागतं. काही देशांची लायसन्स तिथे परीक्षा न देता बदलून मिळतात, त्या यादीत भारत नाही. म्हणजे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दिलासा एवढाच की भारतीय लायसन्स असलेल्याला नवशिक्यासारखी तासांची सक्ती नसते आणि लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. तरी उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय, तिथले 'उजवीकडून येणाऱ्याला आधी' असले नियम, हे शिकायला ड्रायव्हिंग स्कूलचे काही तास घ्यावेच लागतात. फी, परीक्षा आणि तास मिळून हजार युरो सहज जातात.

सहा महिने उलटल्यावर तसंच चालवत राहिलं तर तो साधा दंडाचा मामला राहत नाही. विनापरवाना गाडी चालवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने हा धोका पत्करू नये.

खरा खर्च गाडीचा नाही, तुमच्या नवखेपणाचा

थर्ड पार्टी विम्याला जर्मनीत 'हाफ्टफ्लिष्ट' म्हणतात. तो असल्याशिवाय गाडी नावावरच होत नाही. विमा कंपनी एक सात अक्षरी कोड देते, तो आरटीओसारख्या कार्यालयात दाखवला की मगच नंबर प्लेट मिळते. हा विमा साधासुधा नसतो. माणसांना झालेल्या इजेसाठी कायद्याने किमान ७५ लाख युरोंचं संरक्षण द्यावं लागतं.

याचा हप्ता ठरवताना कंपनी बऱ्याच गोष्टी बघते. त्यातल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या.

पहिली म्हणजे गाडीचा टाइप क्लास. जर्मन विमा कंपन्यांची संघटना दरवर्षी प्रत्येक मॉडेलला एक आकडा देते. थर्ड पार्टीसाठी तो १० ते २५ च्या दरम्यान असतो. अनेकांना वाटतं की हॉर्सपॉवर जास्त म्हणजे आकडा जास्त. तसं नाही. त्या मॉडेलच्या गाड्यांनी प्रत्यक्षात किती नुकसानभरपाया लावल्या, यावर तो ठरतो. म्हणजे गाडी कशी आहे यापेक्षा ती कोण चालवतं याचा तो हिशेब आहे. माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची गाडी दिसायला अस्सल स्पोर्ट्स कार, पण ती बहुतेक जण हौसेने उन्हाळ्यात, जपून चालवतात. त्यामुळे तिचा थर्ड पार्टीचा क्लास सहसा खालचा असतो. दिसायला साधी हॅचबॅक पण तरुण पोरांच्या हातात पडणारी गाडी तिच्याहून महाग पडू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे एसएफ क्लास. आपल्याकडच्या नो क्लेम बोनसचा हा जर्मन भाऊ, फक्त जास्त कडक. आपल्याकडे बोनस हा 'ओन डॅमेज' भागावर मिळतो, तिथे थर्ड पार्टीचा हप्तासुद्धा यावर ठरतो. क्लेम न करता जितकी वर्षं जातील तितका क्लास वाढतो आणि हप्ता उतरतो. नवखा माणूस शून्यावर असतो आणि शून्याचा हप्ता मूळ दराच्या दुपटीहून जास्त असू शकतो. वीस वर्षं बिनअपघात गाडी चालवलेला शेजारी त्याच गाडीसाठी तुमच्या पाव हप्ता भरत असेल.

यावर तिथल्या पोरांकडे एक जुना उपाय असतो : गाडी वडिलांच्या नावावर 'दुसरी गाडी' म्हणून घ्यायची. वडिलांचा क्लास चांगला, हप्ता कमी. ज्याचे वडील सांगलीत आहेत त्याच्याकडे हा मार्ग नाही. विम्यात परदेशी असण्याची किंमत मोजावी लागते ती अशी. काही कंपन्या भारतातल्या लायसन्सची वर्षं किंवा भारतीय विमा कंपनीचं नो क्लेमचं पत्र ग्राह्य धरतात, काही धरत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी भारतातल्या कंपनीकडून असं पत्र इंग्रजीत घेऊन ठेवणं फायद्याचं. एका कागदाने वर्षाला काहीशे युरो वाचू शकतात.

थर्ड पार्टीच्या वर 'टाइलकास्को' घेतला तर चोरी, आग, गारपीट, काच फुटणं आणि हरीण किंवा रानडुक्कर आडवं येणं एवढं कव्हर होतं. 'फोलकास्को' घेतला तर स्वतःच्या चुकीने झालेलं नुकसानही. १५ हजारांची गाडी खांबाला ठोकली आणि फोलकास्को नसला तर १५ हजार गेले. घेतला तर हप्ता आणखी चढतो. बहुतेक जण इथेच अडकतात.

रोड टॅक्स मात्र स्वस्त

इथे सुखद धक्का बसतो. पेट्रोल गाडीला दर १०० सीसीमागे २ युरो, आणि त्यात कार्बन डायऑक्साइडचा भाग मिळवायचा. २०१४ ते २०२० दरम्यान पहिल्यांदा नोंदलेल्या गाडीसाठी किलोमीटरला ९५ ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमला २ युरो. तीन लिटरची, १८० ग्रॅमची गाडी धरली तर ६० अधिक १७०, म्हणजे वर्षाला २३० युरो. तेवढ्याच डिझेल इंजिनला मात्र १०० सीसीमागे साडेनऊ युरो, म्हणजे ६० च्या जागी २८५.

'ट्यूफ' आणि मॉडिफिकेशनचा घोळ

दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी होते. ट्यूफ ही ती करणाऱ्या संस्थांपैकी एक, पण लोक तपासणीलाच 'ट्यूफ' म्हणतात. फी १५० युरोंच्या आसपास. फी हा प्रश्न नाही, नापास होणं हा आहे. ब्रेक डिस्क झिजली, सस्पेन्शनचं बुश गेलं, ऑइल गळतंय, की दुरुस्त करून परत या. अधिकृत वर्कशॉपची मजुरी तासाला १५० ते २०० युरोंच्या घरात जाते. पुण्यातल्या गॅरेजवाल्याशी होते तशी घासाघीस तिथे चालत नाही.

स्पोर्टी गाडीत आणखी एक फसगत ठरलेली. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललेला असतो, गाडी खाली केलेली असते, मोठी अलॉय बसवलेली असतात, नाहीतर इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली असते. जर्मनीत अशा बदलांना मंजुरीचे कागद लागतात आणि बरेचसे बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावे लागतात. तसं नसेल तर गाडीची रस्त्यावर चालवण्याची मान्यताच जाऊ शकते. विमा कंपनीला न कळवता ताकद वाढवली असेल तर अपघातानंतर कंपनी समोरच्याला भरपाई देते, पण नंतर ५ हजार युरोंपर्यंत रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. बदल आधीच्या मालकाने केला होता, हे सांगून फारसा उपयोग नसतो. म्हणून फोटोतला आवाजदार सायलेन्सर आवडला की पहिला प्रश्न कागदाचा विचारावा.

नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकचंही तसंच. सुमारे २१ किलोमीटरच्या त्या जगप्रसिद्ध ट्रॅकवर कोणीही पैसे भरून स्वतःची गाडी फिरवू शकतो. पण अनेक पॉलिसींमध्ये तिथलं स्वतःच्या गाडीचं नुकसान वगळलेलं असतं, आणि रेलिंगला धडकलात तर रेलिंगचं बिलही येतं.

मॉडेलगणिक दुखणी

३३५आयच्या २००६ च्या ट्विन टर्बो इंजिनात हाय प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टर हे ओळखीचं दुखणं. २००८ ते २०१२ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या दोन लिटर टर्बो इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर. सुरुवातीच्या पोर्श बॉक्स्टरमध्ये आयएमएस नावाचं एक छोटं बेअरिंग, जे गेलं तर अख्खं इंजिन घेऊन जातं. यातलं काम आधीच झालेलं असेल आणि बिलं असतील, तर तीच गाडी हजार-दोन हजार युरो जास्त देऊन घेणं शहाणपणाचं. सर्व्हिसच्या शिक्क्यांचं पुस्तक आहे का, हे किलोमीटरच्या आकड्याआधी बघावं.

डीलरकडून घेतली तर गाडीतल्या मूळ दोषांची जबाबदारी किमान एक वर्ष त्याच्यावर असते. खासगी माणूस मात्र करारात एक ओळ टाकून ही जबाबदारी झटकू शकतो, आणि झटकतोच. दोन्हीकडच्या किमतीतला फरक याचाच असतो.

महिन्याचा हिशेब

समजा २६ वर्षांच्या नवख्या मालकाने वर्षाला १० हजार किलोमीटर गाडी चालवली. विमा १८०० युरो. टॅक्स २३०. पेट्रोल १०० किलोमीटरला साडेनऊ लिटर आणि लिटरला १.८५ युरो धरून सुमारे १७५०. सर्व्हिस ६००. तपासणीचा वार्षिक वाटा ८०. टायरसाठी बाजूला ४००, कारण हिवाळ्याचा वेगळा सेट लागतो आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फात पर्वत-हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. अचानक येणाऱ्या दुरुस्तीसाठी १०००.

बेरीज ५८६०. महिन्याला जवळजवळ ४९० युरो. यात पार्किंग नाही, दंड नाही, गाडीची उतरलेली किंमत नाही.

आता तुलना बघा. जर्मन सरकार विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याच्या जगण्याचा खर्च ९९२ युरो धरतं, तेवढे वर्षाचे पैसे ब्लॉक अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. म्हणजे गाडी एकटीच एका विद्यार्थ्याच्या महिन्यातला निम्मा खर्च खाते. नोकरी लागलेल्याला हे जड नाही, पण प्रोबेशनमध्ये असलेल्याने दोनदा विचार करावा. गाडी विकायला वेळ लागतो, हप्ता मात्र तारखेला जातो.

ज्यांना हौस सोडायची नाही त्यांच्यासाठी सीझनल नंबर प्लेटची सोय आहे. एप्रिल ते ऑक्टोबर अशी मुदत प्लेटवरच छापलेली असते आणि टॅक्स, विमा त्याच महिन्यांचा भरायचा. मात्र उरलेल्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, म्हणजे खासगी जागा हवी. आणि एसएफ क्लास वाढायला हवा असेल तर वर्षात किमान सहा महिने गाडी विम्यात असावी लागते.

परत येताना गाडी आणता येते का?

नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. जर्मनीतली गाडी डावीकडच्या स्टिअरिंगची, त्यामुळे विषय तिथेच संपतो. निघण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी ती विकायला काढावी. शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्याची घाई डीलर लगेच ओळखतात आणि भाव पाडतात. देण्यापूर्वी गाडी रजिस्ट्रेशनमधून काढून टाकावी, म्हणजे नव्या मालकाने वाटेत ठोकली तरी तुमच्या पॉलिसीला त्रास नाही आणि उरलेल्या महिन्यांचा टॅक्स परत मिळतो. हा परतावा बँकेत यायचा असतो, म्हणून तिथलं खातं विमानात बसायच्या आधी बंद करू नये.