हॅटरसच्या पायाची कुळकथा

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना प्रांतासमोर वाळूच्या लांबट, चिंचोळ्या बेटांची जी ओळ पसरली आहे, तिच्यातील हॅटरसच्या भूशिरापाशी उत्तरेचा थंड आणि दक्षिणेचा उष्ण असे दोन सागरप्रवाह एकमेकांस भिडतात. शिवाय डायमंड शोल्स नावाचे उथळ वाळूचे पट्टे तेथे सदैव जागा बदलत असल्याने, त्या टापूस अटलांटिकचे स्मशान म्हणण्याचा प्रघात पडला. आज हे बेट राष्ट्रीय सागरतट उद्यानात मोडते, आणि पुळणीवरून येणारा प्रवासी काळ्यापांढऱ्या मळसूत्री पट्ट्यांच्या त्या उत्तुंग दीपस्तंभाकडे मान वर करून पाहतो. पण त्या इमारतीचे खरे कूळ तिच्या पायात शोधावे लागते, असे मला वाटते.

तेथील पहिला स्तंभ १८०३ सालचा, ९० फुटी आणि दगडी. त्याच्या मंद उजेडाविषयी नाविकांच्या तक्रारी फार झाल्या, तेव्हा त्याची उंची १५० फुटांपर्यंत वाढविली. पुढे त्यास तडे गेले आणि नव्या बांधकामास मंजुरी मिळाली. आपल्याकडे खांदेरीचा दीपस्तंभ याच सुमारास, १८६७ साली, उभा राहिला. परंतु त्याला बेटाचा कातळ लाभला होता. हॅटरसला कातळ कोठून येणार! जमिनीत लाकडी खुंट ठोकावेत, तर काही फुटांखालची वाळू इतकी घट्ट की ते आत शिरेनात. तेव्हा बांधकामाचे प्रमुख डेक्स्टर स्टेटसन यांनी खड्डा खणविला, आणि त्यात जे गोडे पाणी लागले त्यातच पाइनच्या जाड तुळयांचे आडवेउभे थर बसवून त्यांवर ग्रॅनाइटचे चिरे रचले. पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडास हवा लागत नाही आणि म्हणून ते कुजत नाही, या साध्या ज्ञानावर सुमारे साडेबारा लाख विटांचा, १९८ फुटांचा भार सोपविण्यास केवढे धैर्य लागले असेल! १८७० च्या डिसेंबरात दिवा लागला; दिवसा ओळख पटावी म्हणून १८७३ साली पट्टे रंगविले गेले.

मात्र हा पाया एका अटीवर टिकणार होता : खालचे गोडे पाणी हटता कामा नये. आरंभी समुद्र दीड हजार फूट दूर होता. पण असली बेटे वादळांच्या माऱ्याने हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत असतात. १९३० नंतरच्या दशकात लाटा इतक्या जवळ आल्या की दिवा पोलादी सांगाड्यावर हलवावा लागला, तो १९५० साली परतला. पुढे बांध घातले, वाळूची पोती रचली; तरी अंतर घटतच राहिले.

अखेर स्तंभच हलविण्याचा निर्णय झाला. स्थानिकांचा विरोध तीव्र होता, आणि तो समजण्याजोगाही होता, कारण इतकी उंच वीटबंदी इमारत वाटेत ढासळली तर सारेच गेले असते. ग्रॅनाइट थोडाथोडा काढून त्या जागी पोलादी तुळया सरकविल्या, जलदाबाच्या जॅकांनी स्तंभ उचलला, आणि १७ जून ते ९ जुलै १९९९ या काळात तो रुळांवरून २,९०० फूट आत, काँक्रीटच्या नव्या पायावर नेला. जुन्या पायाच्या काही चिऱ्यांवर पूर्वीच्या दीपरक्षकांची नावे कोरून ते मूळ जागी वर्तुळात मांडले होते. पण वादळांत वाळू त्यांच्यावर चढू लागली, आणि २०१५ साली त्यांनाही तेथून हलवावे लागले.