टर्पिनची घोडी आणि मास्तरांची ओळख

लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेड हीथ नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. त्याच्या कडेला ‘स्पॅनियर्ड्स इन’ ही जुनी सराई, म्हणजे आताच्या भाषेत पब, उभी आहे. ती १५८५ सालची असे सांगतात. समोरच जुन्या जकातनाक्याची चौकी असल्याने रस्ता तेथे अगदी चिंचोळा होतो. अशा ठिकाणी भुते नसती तरच नवल! एका स्त्रीपायी द्वंद्वयुद्धात मेलेला स्पॅनिश मालक, बागेतली पांढऱ्या वस्त्रांतील बाई, आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वाटमारी करणारा डिक टर्पिन. रात्री त्याच्या ‘ब्लॅक बेस’ घोडीच्या टापा ऐकू येतात, अशी आख्यायिका आहे.

भूत खरे की खोटे, या वादात इतिहासाच्या अभ्यासकाने पडू नये. लोकांनी भूत कोणाचे केले, हे मात्र जरूर पाहावे.

टर्पिन १७०५ मध्ये एसेक्समधील हेम्पस्टेड गावी जन्मला. नावांच्या साम्यानेही आख्यायिकेला बळ मिळाले असावे. कथेतला टर्पिन रुबाबदार. दप्तरांतला खाटकाचा धंदा सोडून दरोडेखोरांत सामील झालेला. १७३५ च्या फेब्रुवारीत त्याच्या टोळीने एजवेअर येथे सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला मारहाण करून विस्तवावर बसवले. घोडीवरून एका दमात यॉर्क गाठल्याची कथाही मुळात त्याची नव्हे. ती आधी नेव्हिसन नावाच्या दुसऱ्याच लुटारूविषयी सांगत. एन्सवर्थ यांच्या ‘रूकवुड’ या १८३४ च्या कादंबरीने ती टर्पिनच्या नावावर घरोघर पोहोचवली.

यॉर्कच्या तुरुंगात तो ‘जॉन पामर’ या खोट्या नावाने होता. तेथून त्याने बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहिले. तेव्हा टपालहशील पत्र घेणाऱ्याने भरायचे असे. नवऱ्याने ते नाकारले आणि पत्र टपालकचेरीत पडून राहिले. तेथे जेम्स स्मिथ या शिक्षकाच्या नजरेस पत्त्यावरील अक्षर पडले. टर्पिनला लिहायला त्यांनीच शिकवले होते! त्यांनी यॉर्कला जाऊन त्याला ओळखले. ७ एप्रिल १७३९ रोजी, म्हणजे चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्याच साली, घोडेचोरीबद्दल टर्पिन फासावर गेला.

सराईची खरी मोठी रात्र १७८० च्या जूनमधली. कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध लंडनमध्ये दंगल उसळली. १७७२ मध्ये सॉमरसेट या गुलामाची मुक्तता करणारे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे शहरातील घर जमावाने ग्रंथसंग्रहासह जाळले. मग तो त्यांच्या केनवुड येथील वाड्याकडे निघाला. वाटेत सराईच्या मालकाने पिंपे खुली करून दंगेखोरांना फुकट पाजले आणि सैनिक येईपर्यंत अडकवून ठेवले. वाडा वाचला, आजही उभा आहे.

पण भूत झाले ते टर्पिनचे. विद्यार्थ्याचे अक्षर ओळखणारे मास्तर आणि प्रसंगावधानी मालक यांच्या वाट्याला आख्यायिका आली नाही. क्रौर्य शंभर वर्षांत शौर्य म्हणून खपते, ते असे. आपल्याही गावांतील वड, विहिरी आणि पडके वाडे एकदा याच दृष्टीने पाहावेत. तेथे कोणाचे भूत सांगतात, आणि कोणाचे नावही घेत नाहीत?