माशाचा जलोदर : एका नावाआडचे अनेक रोग

१/ चंदनसारमधील एखाद्या घरात काचेच्या टाकीतील गोल्डफिशचे पोट फुगले, की पहिला शोध औषधाचा सुरू होतो. इतिहास मात्र आधी कारण विचारायला शिकवतो.

२/ माणसांच्या बाबतीत हा विवेक फार जुना. चरकसंहितेने उदररोगाचे ८ प्रकार मानले. त्यांत आतड्याच्या अवरोधाने होणारा ‘बद्धगुदोदर’ वेगळा आणि पाणी साचून होणारा जलोदर वेगळा.

३/ माशांच्या वाट्याला हा विवेक उशिरा आला. युरोपातील तळ्यांत गोल्डफिशचे भाऊबंद असलेले कार्प मासे जलोदराने मरत. म्युनिकच्या ब्रूनो होफर यांनी १९०४ मध्ये मत्स्यरोगांवर ग्रंथ लिहिला. पुढे दोष जिवाणूंवर आला. १९७१ मध्ये युगोस्लाव्हियात निकोला फियान व सहकाऱ्यांनी आजारी कार्पमधून विषाणू वेगळा केला. एकच वाटणारी साथ निरनिराळ्या रोगांची होती, हे तेव्हा उमगले.

४/ म्हणूनच उपचारही निरनिराळे. मलावरोध असल्यास एक-दोन दिवस उपास, मग सोललेला उकडलेला वाटाणा. अंगावरचे खवले उभे राहिले असतील, तर मासा वेगळ्या स्वच्छ पाण्यात ठेवून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. आणि खवले उभे राहिल्यावर फार थोडे मासे वाचतात.