पुस्तिकेची मुद्रणसज्ज पीडीएफ

पुस्तिकेची मुद्रणसज्ज पीडीएफ : मध्यावर घडी घालून घडीवर पिना मारलेल्या, कमी पानांच्या पुस्तिकेची अशी फाइल, जिच्यावरून छापखाना आणखी दुरुस्ती न करता थेट प्लेट काढू शकतो. स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, आरतीसंग्रह, छोटे कवितासंग्रह ही या प्रकारातली नेहमीची कामे. ती करताना रूढ क्रम असा, की आधी संगणकावर पाने लावायची, चित्रे बसवायची, रंग पसंत करायचे आणि फाइल पुरी झाली की दर पाहून कागद व बांधणी ठरवायची. हा क्रम उलटा आहे. समासाची रुंदी, पृष्ठांची संख्या, रंगीत चित्रांच्या जागा, शाईची कमाल मर्यादा, छायाचित्रांचा बारकावा यांतला कोणताही आकडा कागद आणि बांधणी माहीत नसताना खात्रीने ठरवता येत नाही. संगणकाचा पडदा हे आकडे सांगत नाही. तो फक्त ते ठरल्यासारखे दाखवतो.

बांधणीचा पहिला हिशेब पृष्ठसंख्येचा. एक कागद मध्यावर दुमडला की चार पृष्ठे होतात, म्हणून पिना मारलेल्या पुस्तिकेची पृष्ठे चारच्या पटीतच असावी लागतात. मजकूर १८ पृष्ठांचा झाला, तर तो १६ पृष्ठांत आवरावा लागतो, नाहीतर २० पृष्ठांपर्यंत वाढवावा लागतो. १६ पृष्ठांच्या पुस्तिकेत सर्वांत बाहेरच्या कागदावर १६ आणि १ ही पृष्ठे शेजारी येतात, त्याच कागदाच्या मागे २ आणि १५. आतल्या कागदावर १४ आणि ३, त्यामागे ४ आणि १३. शेजारच्या दोन पृष्ठक्रमांकांची बेरीज नेहमी १७, म्हणजे एकूण पृष्ठांपेक्षा एकने जास्त. पृष्ठांची ही उलटसुलट मांडणी म्हणजे इम्पोझिशन. ते फाइल बनवणाऱ्याने करायचे नसते. पीडीएफमध्ये पृष्ठे वाचनाच्या क्रमाने, एकेक सुटी द्यावीत. यंत्रावर किती मोठा कागद चढतो, एका बाजूला ४ पृष्ठे छापायची की ८, कागद पकडायला यंत्राला किती जागा हवी, हे छापखान्यालाच ठाऊक असते.

कागदाची जाडी मांडणीत कशी शिरते, ते एका हिशेबाने दिसते. ०.१ मिलिमीटर जाडीच्या कागदाची ६४ पृष्ठांची पुस्तिका घेतली, तर १६ कागद एकात एक घातले जातात. घडीवर प्रत्येक कागद आतल्या कागदाला आपल्या जाडीइतका पुढे ढकलतो. सर्वांत आतला कागद अशा रीतीने सुमारे दीड मिलिमीटर बाहेर येतो आणि शेवटी पुढची कड सरळ कापताना तेवढा कापला जातो. परिणामी पहिल्या पृष्ठाचा बाहेरचा समास १० मिलिमीटर असेल, तर मधल्या पृष्ठांचा साडेआठच उरतो. पृष्ठांक कडेला खेटून छापला असेल, तर तो मध्याकडे जाता जाता कडेशी भिडू लागतो. इम्पोझिशनचे सॉफ्टवेअर आतली पृष्ठे टप्प्याटप्प्याने घडीकडे सरकवून ही सरक भरून काढते, पण त्यासाठी त्याला कागदाची जाडी सांगावी लागते आणि आतल्या बाजूला सरकायला समास ठेवलेला असावा लागतो. पाठीला गोंद लावून बांधणी करायची ठरली, तर हाच हिशेब पालटतो. तिथे सरक जवळजवळ नसते, मात्र पुस्तिका पुरती उघडत नाही, त्यामुळे आतला समास वाढवावा लागतो. दोन्ही बांधण्यांना सारखीच चालेल अशी मांडणी करू गेल्यास ती दोन्हीकडे तडजोडीची होते.

रंगीत चित्रांच्या जागाही बांधणीच ठरवते. १६ पृष्ठांचा एक फर्मा एकाच मोठ्या कागदावर छापला, तर त्याच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पृष्ठे येतात, उरलेली आठ दुसऱ्या बाजूला. रंगीत छायाचित्रे या पहिल्या बाजूच्या आठ पृष्ठांवरच ठेवली, तर एका बाजूला चार प्लेटा लागतात, दुसरीला काळ्या शाईची एकच. हीच छायाचित्रे ६ आणि ७ या पृष्ठांवरही विखुरली, की दोन्ही बाजूंना चार प्लेटा आल्या. मोजक्या पैशांत अंक काढणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आणि तो संपादकाने लेखांचा क्रम लावतानाच साधता येतो. फाइल पूर्ण झाल्यावर तो साधायचा, तर सगळी मांडणी उचकटावी लागते.

कडेपर्यंत जाणाऱ्या रंगाची किंवा चित्राची जादा पट्टी, म्हणजे ब्लीड, चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ठेवण्याची प्रथा आहे. १४८ × २१० मिलिमीटरच्या ए-५ पुस्तिकेचे पृष्ठ ब्लीडसह १५४ × २१६ होते. पीडीएफमध्ये कापल्यानंतरचा आकार ट्रिमबॉक्समध्ये आणि ब्लीडसहचा आकार ब्लीडबॉक्समध्ये नोंदवलेला असतो. या नोंदी बरोबर असल्या, की कापणीच्या खुणा पृष्ठावर स्वतंत्रपणे काढण्याची गरज पडत नाही. महत्त्वाचा मजकूर कापणीच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत असावा.

रंगाच्या बाबतीत कागदाचा अधिकार आणखी स्पष्ट आहे. पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो (आरजीबी). छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या शाया कागदावरून परतणारा प्रकाश कमी करत जातात (सीएमवायके). पडद्यावरचा झळाळता हिरवा, गडद निळा आणि तेजस्वी केशरी या चार शायांच्या आवाक्याबाहेर पडतो. रूपांतर करताना त्यांच्या जागी जवळचा छापता येण्याजोगा रंग निवडावा लागतो. तो कोणता, हे कागदावर अवलंबून असते. त्यासाठी वापरतात ती रंगाची प्रोफाइल. तिचे स्वरूप १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमने प्रमाणित केले. ‘सीएमवायके प्रोफाइल’ असे सैलपणे म्हटले जाते, पण तशी एकच प्रोफाइल नसते. जर्मनीतील फोग्रा या संस्थेच्या मोजमापांतले ‘फोग्रा ३९’ हे लेपित, म्हणजे आर्ट पेपरसारख्या कागदासाठी आहे. ‘फोग्रा ४७’ हे मॅपलिथोसारख्या लेप नसलेल्या कागदासाठी. लेप नसलेला कागद शाई शोषून घेतो, ठिपका पसरतो आणि मधल्या छटा गडद होतात. आर्ट पेपरसाठी रूपांतरित केलेले छायाचित्र मॅपलिथोवर छापले, की त्यातले सावळे चेहरे काळवंडतात. छापखान्यात याचा दोष बहुधा यंत्र चालवणाऱ्याला दिला जातो. चूक मात्र फाइल करताना झालेली असते.

शाईच्या एकूण मर्यादेचेही तसेच. एका जागी चारही शायांचे प्रमाण मिळून ४०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण एवढी शाई कोणताही कागद पेलत नाही. आर्ट पेपरवर साधारण ३०० ते ३३० टक्के, तर वृत्तपत्राच्या कागदावर सुमारे २४० टक्के ही मर्यादा मानली जाते. ती ओलांडली, की शाई वेळेत वाळत नाही, वर पडलेल्या कागदाच्या पाठीला लागते आणि सावलीतले बारकावे बुजतात. छायाचित्रांच्या बारकाव्याचा नियमही ठरीव नाही. एका इंचात छपाईच्या ठिपक्यांच्या १५० रेषांची जाळी वापरायची असेल, तर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. वृत्तपत्राच्या कागदावर जाळीच इंचाला सुमारे १०० रेषांची असते, तिथे २०० पिक्सेल पुरतात.

मराठी मजकुराच्या दृष्टीने सर्वांत घातक चूक काळ्या रंगात होते. आरजीबीतला शुद्ध काळा फोटोशॉपच्या जुन्या सर्वपरिचित मांडणीनुसार रूपांतरित केला, तर सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असा फुटतो. एकूण ३०० टक्के. मोठ्या काळ्या पट्टीला हे एकवेळ चालेल. १० पॉइंटच्या देवनागरी अक्षराला मात्र चालत नाही. चार प्लेटा एकमेकींवर अगदी अचूक बसत नाहीत, ०.१ मिलिमीटर सरकल्या तरी शिरोरेखेच्या वर गुलाबी आणि खाली निळसर कड दिसू लागते. रफार, अनुस्वार, ऋकार, जोडाक्षरातला अर्धा ‘र’ अशा बारीक खुणा भरून जातात. ओळभर सलग धावणारी शिरोरेखा ही चूक प्रत्येक शब्दात उघडी पाडते. म्हणून मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के असावा आणि तो खालच्या रंगावर चढवून छापला जावा, म्हणजे त्या रंगात अक्षरांच्या आकाराची पांढरी जागा कोरली जाऊ नये. उलट, गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील, तर पार्श्वभूमी शक्यतो एकाच शाईची ठेवावी. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये प्रत्येक शाईचे पृष्ठ वेगळे पाहता येते. काळी शाई बंद केल्यावर मजकूर पडद्यावरून पूर्ण नाहीसा व्हायला हवा. अक्षरांची छाया उरली, तर फाइल परत मांडणीकाराकडे गेली पाहिजे. फक्त काळ्या शाईत छापायच्या पुस्तिकेतही हे पाहावे लागते, कारण ग्रेस्केल न केलेले एखादे जुने छायाचित्र चारही प्लेटांवर उमटते.

आधी कागद, मग फाइल या म्हणण्यावर पहिला आक्षेप प्रमाणकांचा. पीडीएफ १९९३ मध्ये आली. छपाईसाठी पीडीएफ/एक्स-१ए हे प्रमाणक २००१ मध्ये आणि पीडीएफ/एक्स-४ हे २००८ मध्ये आयएसओने ठरवले, ते फाइल कुठल्याही छापखान्यात निर्धास्त देता यावी म्हणूनच. मग कागदाची अट कशाला? उत्तर त्या प्रमाणकांतच आहे. कोणत्या छपाईसाठी फाइल केली, याची घोषणा, म्हणजे आउटपुट इंटेंट, त्यांनी सक्तीची केली आहे. ती नोंद नसलेली फाइल पीडीएफ/एक्स ठरतच नाही. निर्धास्तपणा हवा, तर छपाईची स्थिती आधी सांगा, असेच प्रमाणक म्हणते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेकदा कागद खरोखरच शेवटपर्यंत ठरत नाही. देणगी किती जमते, बाजारात कोणता कागद मिळतो, यावर तो अवलंबून असतो. अशा वेळी काम थांबवावे असे नव्हे. निर्णयांची विभागणी मात्र करावी. छायाचित्रे मूळ आरजीबीत, त्यांच्या प्रोफाइलसह ठेवावीत आणि रूपांतर एकदाच, कागद कळल्यावर, निर्यात करताना करावे. पीडीएफ/एक्स-४ तर अशी छायाचित्रे तशीच नेऊ देते, पीडीएफ/एक्स-१ए नेऊ देत नाही. मजकुराचा काळा, फॉन्ट आणि ब्लीड मात्र पहिल्या दिवसापासून पक्के असावेत, कारण त्यांना कागदाशी देणेघेणे नाही. ‘सगळे आधीच सीएमवायके करून टाका’ हा सल्ला छापखाना आणि कागद नेहमीचेच असतील तिथेच योग्य ठरतो. एरवी एकदा हरवलेले रंग दुसऱ्या रूपांतराने परत येत नाहीत. तिसरा आक्षेप डिजिटल छपाईच्या दुकानांचा, की तिथे जोडपृष्ठेच मागतात. तिथे जोडपृष्ठांची वेगळी प्रत काढून द्यावी. मूळ फाइल सुट्या पृष्ठांचीच राहू द्यावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीला ती ऑफसेटवरही चालते.

देवनागरी फॉन्टचा प्रश्न कागदापासून स्वतंत्र असला, तरी तो टाळून चालत नाही. छापखान्याकडे फॉन्ट नसला की अक्षरे बिघडतात, म्हणून सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषांत, बदलून देण्याची सवय आपल्याकडे पडली आणि एके काळी ती समर्थनीय होती. आज फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत होतो, आणि पीडीएफ/एक्समध्ये तो तसा असणे बंधनकारकच आहे. कर्व्ह केल्यावर ऐनवेळी एक वेलांटीही सुधारता येत नाही, आणि तीच फाइल पुढे संकेतस्थळावर ठेवली तर तिच्यात शब्द शोधता येत नाही. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूरही असाच शोधापलीकडे राहतो. युनिकोडमध्ये काम करताना इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडते. स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअरही आता देवनागरी जोडाक्षरे नीट बसवते आणि सीएमवायके पीडीएफ देते. फाइल देण्याआधी ठरलेल्या कागदाच्याच कोऱ्या तावांची, ठरलेल्या पृष्ठांची डमी पिना मारून व कापून घ्यावी आणि तिच्यावर आतल्या पृष्ठांचे समास पट्टीने मोजून मांडणीशी ताडून पाहावेत. रंगासाठी त्याच प्रोफाइलवर काढलेला प्रूफ छापखान्याकडे सहीसह द्यावा.