पावसाळ्याची उचल

तमाशा कलावंत जन्मभर कर्जात राहिला, याचे खापर सहसा त्याच्याच डोक्यावर फोडले जाते. हातात पैसा टिकत नाही, बाटली सुटत नाही, उद्याची फिकीर नाही. १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळूनही विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये गेल्या त्या हलाखीतच, हा दाखला तर हमखास दिला जातो. पण ढोलकी फडाचा हिशेब वरपासून खालपर्यंत तपासला, तर उधळेपणा हे कर्जाचे फार दुय्यम कारण ठरते. मूळ कारण पंचांगात आहे. कमाई चैत्रात आणि नड आषाढात, आणि मधला खड्डा भरायला सोय एकच: उचल.

फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखात परततो. आधीचे महिने तंबूतले तिकिटाचे खेळ. खरा पैसा जत्रांच्या सुपाऱ्यांचा. गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले राहुट्या हिंडतात, घासाघीस करतात, इसार देऊन तारीख पक्की करतात. भाव ठरतो तो फडाच्या नावावर, तितकाच तिथीवर. चैत्री पौर्णिमेला किंवा वद्य अष्टमीला कितीतरी गावांच्या जत्रा एकाच रात्री येतात, फड कमी पडतात आणि सुपारी चढते. दोन दिवसांनी तीच गणगौळण, तोच वग बऱ्याच कमी पैशात मिळतो. वर्षाचे गणित अशा मोजक्या रात्रींवर उभे असते. त्यातली एखादी अवकाळी पावसात गेली, की ते कोलमडते.

हंगाम सरला की पगार थांबतो, पोट थांबत नाही. कोल्हाटी, महार, मांग अशा बहुतांशी भूमिहीन समाजांतून आलेल्या कलावंताकडे सातबारा नाही, म्हणून बँकेकडे पतही नाही. मग मालक पुढच्या हंगामाच्या बोलीवर रक्कम देतो, तीच उचल, आणि ती पगारातून कापून घेतो. फिटली नाही तर पुढच्या वर्षीही तोच फड. सोंगाड्याला दुसऱ्या मालकाने फोडायचे, तर त्याची जुनी उचल आधी भागवावी लागते. उचल किती मिळते, यावरून कलावंताचा बाजारभावही कळतो. मालक तरी हा पैसा आणतो कुठून? सावकाराकडून, चढ्या व्याजाने, अजून न ठरलेल्या सुपाऱ्यांच्या भरवशावर.

ही सरळसरळ वेठबिगारी आहे, असा आक्षेप घेता येतो. आगाऊ रकमेपोटी सक्तीने काम करून घेणे १९७६ च्या कायद्याने बेकायदा ठरवले. आक्षेप खोटा नाही; घरच्यांनी उचल घ्यायची आणि नाचणारीने ती फेडायची, ही गोष्ट तर कशानेच समर्थनीय ठरत नाही. मात्र उचल बंद करा म्हणणाऱ्याने पावसाळ्यात पैसे कोण देणार तेही सांगितले पाहिजे. ऊसतोड कामगारही मुकादमाकडून उचलच घेतो, पण त्या मुकादमामागे निदान साखर कारखाना असतो. फडमालकामागे जत्रेपलीकडे काही नाही.

दुसरा आक्षेप बचतीचा: चैत्रातच पावसाळ्याची तरतूद का करू नये? चैत्रात हाती येते ते कापून उरलेले. बाकीचे गेल्या आषाढातच खाऊन झालेले असते. त्यातूनही ज्याला मागे टाकता आले, त्याची महत्त्वाकांक्षा ठरलेली, स्वतःचा फड. विठाबाई वडील-चुलत्यांच्या, म्हणजे भाऊ-बापूंच्या फडात वाढल्या आणि पुढे त्यांचा स्वतःचा फड झाला. फड काढायचा म्हणजे तंबू, ट्रक, जनरेटर आणि शंभरेक माणसांची उचल. धंद्यातली बढती अशी लहान कर्जातून मोठ्या कर्जात नेते.

उधळेपणाच्या आरोपाची कसोटी २०२० ने घेतली. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, नेमका गुढीपाडव्याचा होता. उचली वाटून झाल्या होत्या, जत्रा मात्र रद्द झाल्या. पुढच्या वर्षीही चैत्र कोरडाच गेला. त्यात काटकसरीने राहणारे आणि उडवणारे सारखेच बुडाले. राज्य सरकार ज्येष्ठ कलाकारांना मानधन देते, पण ते पन्नाशीनंतर. पंचविशीतल्या ढोलकीवाल्याला आषाढात लागणारी रक्कम त्यातून येत नाही. ती अजूनही मालकाकडूनच येते, पुढच्या दसऱ्याच्या बोलीवर.