काट्यात विष, ताटात चव: अमेरिकेत भाल्याने मारून लायनफिश का खाल्ला जातोय?

समुद्रात मासे मारायचे म्हटलं की नियम आले. कोणता मासा, किती मोठा, किती संख्येने आणि कोणत्या महिन्यात मारायचा, हे सगळं ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मात्र एका माशाच्या बाबतीत सरकारच सांगतंय, 'हवा तेवढा मारा आणि घरी नेऊन खा.' त्याच्यासाठी आकाराची अट नाही, संख्येची मर्यादा नाही आणि बंदीचा काळही नाही. ठरावीक प्रकारचा भाला वापरला तर हौशी मासेमाराला लायसन्सही लागत नाही.

हा मासा म्हणजे लायनफिश. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर विषारी काटे. दिसायला देखणा, पण अटलांटिक महासागरातल्या प्रवाळ खडकांसाठी तो मोठी डोकेदुखी ठरलाय. आणि त्याच्यावरचा सगळ्यात कामाचा उपाय आहे माणसाचं एक फार जुनं हत्यार, हातातला भाला.

हा मासा तिथे पोहोचला कसा?

लायनफिश मूळचा हिंद आणि पॅसिफिक महासागरांतला. अटलांटिकमध्ये तो कधीच नव्हता. १९८५ मध्ये फ्लोरिडातल्या दानिया बीचजवळ तो पहिल्यांदा सापडला. शोभेचा मासा म्हणून अमेरिकेत त्याला मोठी मागणी होती. कुणीतरी घरच्या मत्स्यटाकीतले मासे समुद्रात सोडले आणि तिथून हे सुरू झालं, असं अभ्यासक मानतात.

१९९२ मध्ये आलेल्या अँड्र्यू चक्रीवादळात एक टाकी फुटली आणि त्यातून लायनफिश समुद्रात गेले, ही गोष्ट सोशल मीडियावर बऱ्याचदा फिरते. पण पहिली नोंदच वादळाच्या सात वर्षं आधीची आहे. त्यामुळे सगळा दोष वादळाला देता येत नाही.

२००० च्या सुमारास हा मासा उत्तर कॅरोलिना आणि बर्म्युडापर्यंत पोहोचला. २००४ मध्ये तो बहामाजमध्ये दिसला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याने कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचं आखात व्यापलं. २०१४ मध्ये थेट ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याची नोंद झाली.

एका माशामुळे एवढं काय बिघडतं?

लायनफिशची मादी वर्षभर अंडी घालू शकते. वर्षाकाठी हा आकडा २० लाखांच्या घरात जातो. शिवाय हा मासा हावरट आहे. अटलांटिकमधल्या छोट्या माशांनी असा शिकारी कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे तो जवळ आला तरी ते पळत नाहीत. दुसरीकडे, मोठे शिकारी मासे त्याच्या काट्यांमुळे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

बहामाजमध्ये झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. छोट्या प्रवाळ खडकांवर एकेक लायनफिश ठेवला तेव्हा पाच आठवड्यांत तिथे नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांचं प्रमाण सुमारे ७९ टक्क्यांनी घटलं. एका लायनफिशने अर्ध्या तासात २० छोटे मासे गिळल्याचंही अभ्यासकांनी पाहिलं.

या छोट्या माशांत पोपट माशासारख्या शाकाहारी माशांची पिल्लंही असतात. हे मासे प्रवाळावर वाढणारं शेवाळ खातात. ते कमी झाले की शेवाळ माजतं आणि प्रवाळ त्याखाली दबतं. ग्रूपर म्हणजे आपला हेकरू आणि स्नॅपर म्हणजे तांबोशीच्या जातीचे मासे तिथल्या मच्छीमारांचं पोट भरतात. त्यांची पिल्लं आणि त्यांचं खाद्यही लायनफिशच्या तोंडी जातं.

मग जाळं किंवा गळ का चालत नाही?

लायनफिश प्रवाळाच्या कपारीत, कड्याखाली किंवा बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यात राहतो. तिथे जाळं टाकलं तर ते अडकतं आणि प्रवाळही मोडतं. गळाला तो क्वचितच लागतो. कोळंबीसारख्या दिसणाऱ्या लॉबस्टरसाठी लावलेल्या सापळ्यांत काही लायनफिश सापडतात, पण ते पुरेसे नाहीत.

भाल्याचं मात्र तसं नाही. पाणबुड्या समोरचा मासा बघून, ओळखून त्यालाच टिपतो. दुसरा मासा मरत नाही आणि खडकालाही धक्का लागत नाही. लायनफिशचा स्वतःच्या काट्यांवर एवढा भरवसा असतो की माणूस हातभर अंतरावर आला तरी तो जागचा हलत नाही. त्यामुळे नवशिक्या पाणबुड्यालाही तो मारता येतो.

स्पिअरफिशिंग नेमकं कसं करतात?

पाण्याखाली भाल्याने मासे मारणं म्हणजे स्पिअरफिशिंग. त्यासाठी मुख्यतः तीन प्रकारची हत्यारं वापरतात. पहिला साधा दांडा-भाला. त्याच्या मागच्या टोकाला रबराचा पट्टा असतो. तो अंगठ्यात अडकवून ताणायचा आणि दांड्यावरची पकड सोडायची, की भाला पुढे झेपावतो. दुसरा प्रकार 'हवाईयन स्लिंग'. यात गलोलीसारख्या रबराने बाण सोडला जातो. तिसरी स्पिअरगन, तिला बंदुकीसारखा चाप असतो.

लायनफिशसाठी आखूड दांडा आणि पुढे तीन किंवा अधिक टोकं असलेला भाला पुरतो. मासा भाल्यावर आला की तो हाताने काढायचा नाही. पाणबुड्यासोबत प्लास्टिकचं जाड नळकांडं असतं. त्याच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते. भाला मासा लागलेल्या टोकाने आत घालायचा आणि बाहेर ओढायचा. मासा आत राहतो आणि काट्यांना हात लागत नाही.

काही जण ऑक्सिजनच्या नव्हे तर दाबाखालची हवा भरलेल्या टाक्या पाठीवर बांधून उतरतात, याला स्कूबा म्हणतात. काही जण नुसता श्वास रोखून बुडी मारतात. नियम जागोजागी वेगळे आहेत. फ्लोरिडात स्कूबा लावून भाला चालवता येतो, पण पोहण्याच्या सार्वजनिक किनाऱ्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटरच्या आत मनाई आहे. बहामाजमध्ये स्पिअरगनवर बंदी आहे. तिथे हवाईयन स्लिंग चालते.

यात धोका किती?

सर्वात मोठा धोका माशाचा नाही, श्वासाचा आहे. श्वास रोखून बुडी मारणारे काही जण आधी जोरजोरात श्वास घेतात. त्यामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायची तगमग होते ती मुख्यतः याच वायूमुळे. तो कमी झाला की ऑक्सिजन संपत आला तरी शरीर इशारा देत नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, तसा रक्तातल्या ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने घसरतो आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन माणूस बेशुद्ध पडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचाही यात जीव गेला आहे. म्हणून एकट्याने बुडी मारायची नाही, एक जण खाली असताना दुसऱ्याने वरून लक्ष ठेवायचं, हा पहिला नियम.

दुसरा धोका काट्यांचा. लायनफिशला १८ विषारी काटे असतात: पाठीवर १३, पोटाकडच्या परांना दोन आणि शेपटीजवळ खालच्या बाजूला तीन. काटा टोचला तर प्रचंड वेदना होतात आणि सूज येते. निरोगी माणसाचा सहसा जीव जात नाही, पण अॅलर्जी असेल तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने निकामी होतं. म्हणून टोचलेला भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायला सांगतात. पाणी उकळतं नको, नाहीतर कातडी भाजते. त्यानंतर डॉक्टरांना दाखवणं गरजेचं.

विषारी मासा खातात कसा?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. लायनफिशचं विष काट्यांत असतं, मांसात नाही. साप चावला तर विष चढतं, तसा हा प्रकार आहे. काटे काढले की उरतो तो पांढरा, नरम आणि सौम्य चवीचा मासा.

साफ करताना जाड हातमोजे घालतात आणि मजबूत कात्रीने सगळे काटे मुळापासून छाटतात. मासा मेला म्हणून काटे निरुपद्रवी होत नाहीत. फ्रीजरमध्ये ठेवल्यानेही विष जात नाही. काटे गेले की पुढचं काम नेहमीचंच. खवले आणि आतडी काढायची, पाठीच्या कण्यालगत सुरी फिरवून दोन्ही बाजूंचं मांस सोडवायचं.

फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटांवर या मांसाचे बारीक तुकडे लिंबाच्या रसात मुरवून सेविचे करतात. पिठात घोळवून तळतात, टाकोमध्ये भरतात. काही हॉटेलांत काटे काढलेला अख्खा मासा पर पसरलेल्या अवस्थेत कुरकुरीत तळून समोर ठेवतात. मराठी स्वयंपाकघरातली रीतही याला चालेल. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण आणि आगळ लावायचं, रव्यात घोळवायचं आणि तव्यावर तळायचं. मांस नाजूक असल्याने प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटांत होते. जास्त वेळ ठेवलं की ते कोरडं पडतं.

एक इशारा मात्र महत्त्वाचा. प्रवाळावरच्या काही माशांमध्ये 'सिग्वाटेरा' नावाची विषबाधा करणारं द्रव्य साठतं. ते सूक्ष्म शैवालातून येतं आणि शिजवून, तळून किंवा गोठवूनही जात नाही. उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या येणं आणि गार वस्तू गरम वाटणं ही त्याची लक्षणं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ज्या माशांबाबत सावध केलंय त्यांत लायनफिशही आहे. कॅरिबियनच्या काही भागांत हा धोका जास्त आहे. त्यामुळे मासा कुठल्या पाण्यातला आहे, हे विचारूनच खावा.

लोक खाऊ लागले का?

अमेरिकेच्या सागरी आणि वातावरण संस्थेने, म्हणजे 'नोआ'ने, २०१० मध्ये लायनफिश खाण्याची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी त्याच्या पाककृतींचं पुस्तकही निघालं. कोलंबियात तर कॅथलिक धर्मगुरूंनी प्रवचनांतून भाविकांना लेंटच्या दिवसांत हा मासा खायला सांगितलं. २०१६ मध्ये 'होल फूड्स'च्या फ्लोरिडातल्या दुकानांत तो विकायला आला.

जोडीला स्पर्धा सुरू झाल्या. जो जास्त लायनफिश मारेल त्याला बक्षीस. फ्लोरिडातल्या डेस्टिन इथे होणाऱ्या 'एमराल्ड कोस्ट ओपन'मध्ये २०१९ साली दोन दिवसांत १४ हजारांहून जास्त लायनफिश मारले गेले.

पण धंद्याचं गणित सोपं नाही. मासा लहान, त्यातलं खाण्याजोगं मांस साधारण एक तृतीयांश. प्रत्येक मासा पाणबुड्याने एकेक करून मारायचा. त्यात बोट, इंधन आणि टाक्यांचा खर्च. त्यामुळे तो महाग पडतो.

मग लायनफिश संपेल का?

नाही. हौशी पाणबुडे सुमारे ४० मीटरपर्यंत उतरतात. लायनफिश तर ३०० मीटर खोलीपर्यंत दिसला आहे. वरचे मारले तरी खालचे राहतातच, आणि अळ्या प्रवाहाबरोबर दूरवरून येतात.

तरीही भाला वाया जात नाही. बहामाजमधल्या २४ प्रवाळ खडकांवर दीड वर्ष झालेल्या अभ्यासात हे दिसलं. जिथे लायनफिशची संख्या एका ठरावीक पातळीखाली ठेवली, तिथे छोट्या स्थानिक माशांचं एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं. त्यासाठी शेवटचा लायनफिश मारावा लागला नाही. म्हणजे संपूर्ण समुद्र नाही, पण निवडक खडक वाचवता येतात. अट एकच, पाणबुड्यांनी तिथे पुन्हा पुन्हा जायला हवं. आणि ते जातील का, हे ताटातल्या मागणीवर बरंचसं अवलंबून आहे.

भारतातही हा मासा मारायचा का?

अजिबात नाही. अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांवर लायनफिश दिसतो, पण हे त्याचं घर आहे. इथले छोटे मासे त्याला ओळखतात, आणि त्याची संख्या अटलांटिकसारखी बेसुमार वाढत नाही. तिथला खलनायक इथे निसर्गसाखळीचा एक भाग आहे.

आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. घरच्या टाकीतला मासा नकोसा झाला म्हणून तळ्यात, नदीत किंवा समुद्रात सोडू नका. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. फ्लोरिडाने २०१४ मध्ये जिवंत लायनफिशच्या आयातीवर बंदी घातली. पण पहिला मासा सापडून तोवर २९ वर्षं होऊन गेली होती.